संगणकाचे स्वावलंबन: आरंभ कोठून करावा

(देवगाव फाटा, ता. सेलू, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



तालुक्याच्या गावी चळवळीचे कार्यालय असले की तेथे दहा-बारा वर्षे जुना एखादा संगणक असतोच. कोणा हितचिंतकाने दिलेला, मधूनच अडणारा, पण चालणारा. सभासदांची नोंद, तहसीलदारांना दिलेली निवेदने, मतदारयाद्या, पीकविम्याच्या तक्रारी असा सारा संसार त्याच्या पोटात असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबवली आणि असे असंख्य संगणक एका अर्थाने पोरके झाले. घरगुती ग्राहकांना काही अटींवर वर्षभराची वाढ मिळाली, एवढेच. पुढची विंडोज ११ घालावी तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या कसोटीला उतरत नाहीत. यंत्राचा एकही भाग झिजलेला नाही, तरी ते मोडीत काढावे असा याचा व्यवहारी अर्थ. नवा कासरा बैलाला बसत नाही म्हणून धडधाकट बैलालाच बाजार दाखवावा, तसाच हा प्रकार आहे.

यात कंपनीने कायदा मोडला असे कोणी म्हणणार नाही. संगणकाचा लोखंडी सांगाडा विकत घेतला जातो. त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र विकत मिळत नाही, ती वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. यंत्र सुरू होताना जो प्रोग्राम जागा होतो आणि कळफलक, पडदा, छपाईयंत्र, फायली या सर्वांचा कारभार पाहतो, तो कसा बनवला आहे हे पाहण्याचा, त्यात दुरुस्ती करण्याचा किंवा शेजाऱ्याला त्याची प्रत देण्याचा अधिकार या परवानगीत नसतो. खेड्यापाड्यांतील पुष्कळ संगणकांवर विंडोजची परवान्याविना घातलेली प्रत असते, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अशा चोरीने मक्तेदारीचे काही बिघडत नाही. उलट हाताला तिचीच सवय लागते आणि पुढे पैसे मोजण्याची वेळ आली की दुसरा मार्ग सुचेनासा होतो.

दुसरा मार्ग १९८३ पासून बांधला जात आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला पूरक ठरलेला लिनक्स हा गाभा लिहिला आणि तो जगापुढे खुला केला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे या चळवळीला आपला हेतू वारंवार समजावून सांगावा लागतो. मराठीत ती अडचण नाही. हे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते. पण त्याचे महत्त्व ते मुक्त आहे यात आहे. कोणत्याही कामासाठी चालवावे, कसे चालते ते पाहावे, बदलावे, वाटावे. १९८९ च्या ‘जीपीएल’ परवान्याने त्यावर एक अट घातली: बदललेली प्रत पुढे दिली तर घेणाऱ्यालाही हेच सर्व अधिकार दिले पाहिजेत. मराठवाड्यातील कार्यकर्त्याला हे गायरानाच्या उदाहरणाने चटकन उमजेल. गायरान सर्वांचे खरे, पण एखादा दांडगा कुंपण घालून ते सातबाऱ्यावर चढवील ही भीती कायम असते. ते कुंपणच घालता येऊ नये, अशी तजवीज या परवान्यात आहे.

तथापि लिनक्स म्हणजे समाजवाद असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. जगातील सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, आणि बड्या भांडवलदारांच्या कंपन्या त्याचा मनमुराद उपयोग करतात. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. म्हणून फोनधारक काही मुक्त झालेला नाही. साधन सामाईक असले तरी ते कोणाच्या हाती राहते हे संघटनेवर अवलंबून असते. केरळात हे दिसून आले. तेथे २००१ मध्ये शाळांतून संगणकशिक्षण सुरू झाले तेव्हा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या प्रोग्रामांभोवती गुंफलेला होता. त्याला शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली, शिक्षकांनी स्वतः लिनक्स शिकून घेतले, आणि काही वर्षांतच सरकारी शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले. शिक्षकांची संघटना आपण काय शिकवतो याविषयी जागरूक राहिली, हे त्या यशाचे कारण.

महाराष्ट्रातील एक अनुभवही ध्यानात घेण्याजोगा आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरात खैराट येथे २००७ मध्ये एका एकशिक्षकी शाळेतील मुलांना ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. भारतातील तो पहिला प्रयोग. त्या यंत्रांवर लिनक्सच होते. संगणक कधी न पाहिलेली मुले तो सहज हाताळू लागली. ती योजना मात्र देशभर पसरली नाही. नवशिक्याची बुद्धी अपुरी पडत नाही. अडल्या वेळी विचारायला माणूस आणि पाठीशी टिकाऊ व्यवस्था लागते, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष आरंभाकडे वळावे. लिनक्सच्या नाना जाती आहेत. सी-डॅकने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही देशी जातही त्यांत आहे. कोणती उत्तम, या वादात नवशिक्याने पडू नये; तो वाद रिकामटेकड्यांचा आहे. विंडोजची सवय असलेल्याला ‘लिनक्स मिंट’ सोयीची वाटते. तिला निदान २ जीबी स्मृती आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी असली तर काम सुखाने होते.

सर्वांआधी जुन्या संगणकावरील सर्व फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या यंत्रावर पाहावे. ही पायरी गाळल्याने जितके नुकसान होते तितके कशानेच होत नाही. नंतर ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाईल हे लक्षात ठेवावे. मिंटची प्रत तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवावी आणि ‘रूफस’सारख्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर चढवावी. नुसती फाईल चिकटवून भागत नाही. येथेच पुष्कळांचा पहिला दिवस वाया जातो. पेन ड्राइव्ह लावून यंत्र पुन्हा सुरू करताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबावी लागते. कोणती, ते यंत्रागणिक बदलते.

यानंतर जे घडते ते नवशिक्याला धीर देणारे आहे. पूर्ण लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होते आणि यंत्रातील डिस्कला स्पर्शही होत नाही. चाल थोडी मंद असते. आठ दिवस असेच वापरून पाहावे: वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का. समाधान झाल्यावरच कायमची स्थापना करावी. त्या वेळी ‘विंडोजच्या शेजारी’ आणि ‘डिस्क पुसून’ असे दोन पर्याय समोर येतात. दुसऱ्यावर बोट ठेवण्यापूर्वी मघाची नक्कल आठवावी. भारनियमनाच्या वेळा पाहून बसावे. अर्ध्यावर वीज गेली तर यंत्र ना विंडोजचे राहते ना लिनक्सचे.

मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडून घ्यावा. हा आराखडा १९८० च्या दशकात भारत सरकारने प्रमाणित केलेला असून लिनक्समध्ये तो आयताच मिळतो. पंधरा दिवसांच्या सरावाने हात बसतो. मात्र येथे एक जुने दुखणे उघडे पडते. कार्यालयांतील वर्षानुवर्षांचा मजकूर ज्या जुन्या फॉन्टांत टंकलिखित झाला, त्यांतील कित्येक युनिकोडचे नव्हते. ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की सभासदांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर मराठी, लिहिणारे मराठी, आणि वाचण्याची चावी एका विक्रेत्याच्या फॉन्टापाशी! अशा फायली युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम आहेत. पण रफार आणि जोडाक्षरे हटकून चुकतात, तेव्हा मूळ छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. हे कष्टाचे काम आहे. परंतु लिनक्सकडे वळायचे नसले तरी ते करावेच, नाही तर संघटनेची स्मृतीच गमावण्याची वेळ येईल.

काही गोष्टी लिनक्सवर होत नाहीत हे आधीच सांगितलेले बरे. दुकानांतील हिशेबाचे काही लोकप्रिय प्रोग्राम त्यावर थेट चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीची काही उपकरणे आणि काही छपाईयंत्रे रुसतात. ज्याचा चरितार्थच अशा कामावर आहे त्याने विंडोज शेजारी ठेवावी. त्यात कमीपणा नाही. पत्रे, तक्ते, यादी यांसाठी ‘लिब्रे ऑफिस’ पुरेसे आहे. अडचण आली की अनोळखी माणसाने सुचवलेली आज्ञा अर्थ न समजता यंत्राला देऊ नये. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे आणि लिब्रे ऑफिसचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य दिले आहेत; एका बाजूला पाठ लावावा आणि दुसऱ्या बाजूला तसेच करून पाहावे.

एकट्याने मात्र बसू नये. तालुक्यातून दोघे-तिघे निवडावेत, त्यांत एखादी महिला कार्यकर्ती आणि एखादा शाळामास्तर अवश्य असावा, आणि आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून घ्यावी. पहिल्या संध्याकाळी मोठे काही हाती घेऊ नये. एका गावची सभासदयादी नव्याने युनिकोडमध्ये टंकावी, छापावी, गावात नेऊन मोठ्याने वाचावी आणि चुकलेली नावे तेथल्या तेथे दुरुस्त करून आणावीत.