गच्चीवरची पाखरं



पक्षी बघायला कुठे जावं, असं झाशीत कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: ओरछा. तिथे बेतवेच्या काठी बुंदेल्या राजांच्या छत्र्या आहेत आणि त्यांच्या शिखरांवर गिधाडं घरटी करतात. झाशीहून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. जरूर जावं, मीही जाते. पण मी राहते मोठला. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर हे तहसिलीचं गाव येतं. बँकेतल्या बदलीने इथे आले तेव्हा पुण्याच्या मैत्रिणींनी पहिला प्रश्न केला, ‘तिथे बघण्यासारखं काय आहे?’ खरं सांगायचं तर पर्यटकाने मुद्दाम उतरावं असं फारसं काही नाही. मला मात्र भाड्याच्या घराची गच्ची मिळाली, समोर कडुनिंब, मागे पडीक जागा आणि त्यापलीकडे वाटाण्याची, गव्हाची शेतं. पक्षी बघायला एवढं पुरतं.

दुर्मीळ पक्षी आयुष्यात एकदा दिसतो. आपण त्याचा फोटो काढतो, यादीत नाव लिहितो आणि संपलं. त्याच्याशी ओळख होत नाही. रोज दिसणाऱ्या पक्ष्याला मात्र प्रश्न विचारता येतात. हा काल इथे बसला होता, आज का नाही? हिच्या चोचीत काडी कशासाठी? उत्तर आज मिळालं नाही तर उद्या मिळतं, कारण उद्याही तो तिथेच असतो.

सातभाई घ्या. मातकट रंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे, पाचोळा उलटापालटा करत कलकलाट करणारे. त्यांच्याकडे मुद्दाम कोण बघतं? मी दुर्बीण रोखून बसलेली पाहून शेजारच्या अम्मांनी विचारलं होतं, ‘बिन्नू, का देख रईं?’ सातभाई, म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. पण या पाखरांचं एकत्र कुटुंब बघत बसावं असं असतं. टोळीतला एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला बसतो, बाकीचे खाली चरतात. घरटं एका जोडीचं असलं तरी पिल्लांना भरवायला सगळेच येतात.

याच टोळीच्या नशिबी आणखी एक काम असतं. जूनच्या सुमारास, मृगाच्या आगेमागे, चातक येतो. काळापांढरा, डोक्यावर शेंडी, आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर आलेला. कवींनी त्याला केवढं उंचावर नेऊन बसवलं! प्रत्यक्षात चातकाची मादी आपलं निळं अंडं सातभाईंच्या निळ्या अंड्यांत गुपचूप ठेवून निघून जाते. पेरणीच्या दिवसांत ओरडून ओरडून जीव नकोसा करणारा पावशा, इथला पपीहा, त्याचीही तीच रीत. म्हणजे पावसाचे दोन मोठे मानकरी, आणि दोघांचीही पोरं वाढवतात हे मातकट सातभाई. ऑगस्टच्या अखेरीस तुमच्या कुंपणात एखादं पाखरू चोच वासून केकाटताना दिसलं आणि सातभाई लगबगीने त्याला भरवत असले, तर त्या पाखराकडे नीट बघा. ते सातभाईंचं नसण्याची बरीच शक्यता असते.

घराबाहेरचा पक्षी नीट बघून काय साधतं, याचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला दाखला अलिबागजवळच्या किहीमचा आहे. १९३० साली सलीम अली जर्मनीतलं शिक्षण आटोपून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच राहिली नव्हती. पस्तिशीकडे झुकलेला माणूस, हाताला काम नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना किहीमच्या घरी राहायला गेले. घराशेजारी सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते तिच्यापुढे बसून राहिले.

बहिणाबाईंमुळे सुगरणीचा खोपा मराठी माणसाला माजघरातला वाटतो. पण तो विणतो नर. पिवळ्याधमक डोक्याचा नर गवताच्या, पात्यांच्या लांब चिंध्या सोलून आणतो आणि शिरस्त्राणासारखा अर्धाच खोपा विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, बहुधा नापसंत करून जातात. एखादीला पसंत पडला की तो पुढची नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली की हा बहाद्दर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसराही. एका नराचे एकामागून एक असे अनेक संसार असतात, हे सलीम अलींनी तिथे उलगडलं. १९३१मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. सुगरण काही अज्ञात पक्षी नव्हता. गावोगावच्या विहिरींवर लोक तो पिढ्यान्‌पिढ्या बघत होते, खोप्यातल्या ओल्या मातीच्या गोळ्यात तो काजवे खोचून दिवा लावतो अशा गोष्टीही सांगत होते. फक्त सलग बसून कुणी पाहिलं नव्हतं.

मोठहून शेतांकडे जाताना एका जुन्या विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे. श्रावणात तिथे खोपे लोंबतात. अर्धवट राहिलेले खोपे मोजले की कोणत्या नराची किती फजिती झाली ते कळतं.

आता सामानाबद्दल थोडं. दुर्बीण असावी, आठ पट मोठं दाखवणारी आणि चाळीस मिलिमीटरच्या भिंगाची. त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि पक्षी नाचत राहतो. नसेल तर अडून बसू नका, बुलबुलाच्या बुडाखालचा लाल ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश हाताशी ठेवावा. मोबाइलमधलं मर्लिन आवाजावरून नाव सुचवतं, पण ते चुकतंही, म्हणून डोळ्यांची साक्ष घ्यावी. आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला समोर आणणं मला मुळीच पटत नाही. विणीच्या दिवसांत तो बिचारा हद्दीत कुणी घुसला म्हणून घरटं सोडून भांडायला येतो आणि आपण फोटो काढतो. घरट्याच्या फांद्या बाजूला सारणाऱ्यांबद्दल तर रेडिओवर बोलू नये असंच मला वाटतं.

दाण्यांपेक्षा पाणी ठेवा. दाणे टाकले की पारवे सगळ्यांना हाकलून देतात. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा मातीची उथळ परात सावलीत ठेवली की साळुंक्या, होले, चिमण्या, दयाळ पाळीपाळीने येतात. पाणी बोटभरच असावं आणि रोज बदलावं.

हिवाळ्यात गच्चीला वेगळाच रंग येतो. मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे संध्याकाळी वळसे घेत जातात. परीट शेपटी हलवत कठड्यावर चालतो. कालव्याच्या पाण्याने भिजलेल्या शेतात सारसांची जोडी उतरते.  माणसाच्या उंचीचा हा पक्षी उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. आपल्या महाराष्ट्रात तो गोंदिया-भंडाऱ्याकडे थोडका उरला आहे. इथे शेतकरी त्याला हुसकावत नाही, नुसता बाजूने जातो. या एका दृश्यासाठी मी पुण्याची बदली दोनदा पुढे ढकलली, हे घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि लिहून ठेवा. तारीख, वेळ, पक्षी, किती. हा वरवर कारकुनी वाटणारा भाग फार मोलाचा आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड ऐंशीच्या दशकात इतकं सर्रास दिसे, की ते मोजावं असं फार थोड्यांच्या मनात आलं. भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांनी ते मोजून ठेवलं होतं. म्हणूनच नव्वदच्या दशकात तिथली घरटी ओस पडू लागली, तेव्हा किती घटली ते आकड्यांत सांगता आलं. १९९२ ते २००७ या काळात देशात या जातीचं हजारातलं जेमतेम एक गिधाड उरलं. कारण निघालं डायक्लोफिनॅक, गुरांना वेदनेवर देत ते औषध. अशा गुराचं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. २०१३पासून भारतातले लोकही तीत भाग घेतात. एका जागी किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर पाठवायची. चहाचा कप घेऊन बसलात तरी चालेल. फक्त कावळा नुसता ‘कावळा’ म्हणून लिहू नका. मान राखाडी असेल तर गावकावळा, सगळाच काळा आणि चोच जाड असेल तर डोमकावळा.