सुरुंग वेचणारी नौका

(दिघा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



‘काही बोधपर बोला’ अशी चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही युद्धनौकेचा विषय सुचविला. ते किंचित बुचकळ्यात पडले. उभा जन्म फळ्यापुढे काढलेल्या मॅट्रिक मास्तराने समुद्रावर काय बोलावे, अशी शंका त्यांस आली असावी. परंतु आपले गाव ठाण्याच्या खाडीकाठी वसलेले आहे. हीच खाडी पुढे मुंबई बंदरास मिळते, आणि तेथेच न्हावा-शेवाही आहे. या सभेतील कित्येक घरांची चूल बंदरातून येणाऱ्या मालावर पेटते. तेव्हा जहाजांची वाट निर्धोक कोण राखते, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

युद्धकाळी शत्रू बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरतो. तळाशी वजन, त्याला तारेने बांधलेला स्फोटक गोळा, आणि तो पाण्याखाली अशा बेताने तरंगत ठेवलेला की दिसू नये, पण जहाजाच्या बुडाला लागावा. सुरुंगनिवारक नौका मागे लांब दोर सोडून त्या पाण्यातून सावकाश फिरते. दोरावरील कात्री सुरुंगाची तार तोडते, गोळा वर येतो, आणि तो गोळीबाराने फोडतात. शेतकरी शेत नांगरतो, तसा समुद्राचा पट्टा तासातासाने पुरा करावयाचा. एक तास चुकला, तर मागून येणारे जहाज जाते.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या नौदलासाठी सिडनी येथे अशा चार नौका बांधण्यात आल्या : ‘पंजाब’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘बंगाल’. 31 मे 1942 च्या रात्री जपानच्या चिमुकल्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या, त्या वेळी आपल्या शहराचे नाव धारण करणारी ‘बॉम्बे’ तेथेच होती. ‘बंगाल’ची कथा तर मुलांना पाठ असावी अशी आहे. सुमारे 650 टनांची ही नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाची पाठराखण करीत हिंदी महासागरातून चालली होती. 11 नोव्हेंबर 1942 रोजी ‘होकोकु मारू’ व ‘आयकोकु मारू’ ही दोन जपानी जहाजे समोर ठाकली. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठे! ‘बंगाल’चे कप्तान विल्सन यांनी ‘ओंडिना’स निसटण्याची खूण केली आणि आपली नौका सरळ शत्रूवर घातली. ‘ओंडिना’वरील एकुलती तोफही बोलू लागली. ‘होकोकु मारू’ स्फोट होऊन बुडाले. तो गोळा कोणाचा, याविषयी पुढे वाद झाला. आम्हांस तो महत्त्वाचा वाटत नाही. दारूगोळा संपत आलेली, जखमी ‘बंगाल’ दिएगो गार्सियास पोहोचली. ‘ओंडिना’चा कप्तान कामी आला, पण जहाज ऑस्ट्रेलियास परतले. स्वातंत्र्यानंतर ‘बंगाल’ भारतीय नौदलात राहिली आणि यथाकाल मोडीत निघाली.

तो एक दिवस इतिहासात लिहिला गेला. परंतु ज्या दिवशी सुरुंग निघाले आणि काहीच घडले नाही, ते दिवस कोण लिहितो?

अशा नौकांचा वार्धक्यकाळही पाहण्यासारखा असतो. मंदगतीने जड दोर ओढण्याची सवय आणि मागची मोकळी डेक, यामुळे त्यांची उत्तम टग बोट होते. अमेरिकेची ‘व्हिरिओ’ 1919 साली सुरुंगनिवारक म्हणून सेवेत आली. 1942 मध्ये तिला टग ठरविले, आणि त्याच जूनमध्ये मिडवेच्या लढाईत घायाळ झालेली ‘यॉर्कटाउन’ ही प्रचंड विमानवाहू नौका तिने ओढावयास घेतली. शत्रूच्या पाणबुडीने घात केला. तेव्हा ‘व्हिरिओ’ दोर सोडून पाण्यातील माणसे उचलू लागली. पुढे ‘यॉर्कटाउन’ बुडाली. ओढणे साधले नाही, म्हणून सेवा थांबली नाही.

आता एक चिंतेची गोष्ट. आपल्या नौदलाच्या सुरुंगनिवारक नौकांमध्ये ‘कोकण’ आणि ‘रत्नागिरी’ ही नावे होती. ‘कारवार’ व ‘काकिनाडा’ 2017 मध्ये निवृत्त झाल्या आणि 2019 मध्ये ‘कोळिकोड’बरोबर ही मालिका संपली. तिची जागा घेणाऱ्या नौका वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत. नव्या नौकांच्या खरेदीस तत्त्वतः मान्यता मिळावयास जुलै 2025 उजाडला. ज्या कामाचे यश कोणाच्या नजरेस येत नाही, त्याची निकड मोठमोठ्यांच्याही ध्यानातून सुटते.

आम्हीही याच दोषाचे धनी आहोत. वर्गात आम्ही सेनापतींची नावे घोकून घेतली. दोर ओढणाऱ्यांचे नाव कधी काढले नाही. आपल्या संस्थेतही अध्यक्षपदास उमेदवार मिळतात. पण विद्यार्थी-निधीची पावतीपुस्तके घेऊन भर उन्हात दारोदार हिंडावयास दोनच तरुण येतात, आणि सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारे नेहमीचे तिघेच असतात. त्या पाचांमुळे कित्येक मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली आहे. त्यांची नावे या व्यासपीठावरून कधी वाचली गेली नाहीत. आज ती आभारप्रदर्शनाच्या आरंभी वाचावीत, एवढीच आमची अध्यक्षमहाराजांस विनंती आहे. आणि पुढील वर्षी ते पाचांचे पंधरा व्हावेत.