निवृत्तीनंतरचा कामगार



कामाचे तास कमी व्हावेत म्हणून आमची चळवळ झगडली. पण उरलेल्या वेळाचे काय करावे, हे आम्ही कामगाराला कधी सांगितले नाही. निवृत्त गडी पहिल्या पाळीच्या वेळी उठून बसतो, तो बसूनच राहतो. आम्ही म्हणतो, रिकाम्या डब्यांत मिरची लावा. नातवासाठी स्वेटर विणा. जन्मभर साच्यावर कापड विणणाऱ्याला सुयांची लाज कसली? जुन्या बाजारात हिंडा, घासाघीस करा. मात्र जुना कोट हौसेने घेणे वेगळे आणि नव्याला पैसे नाहीत म्हणून घेणे वेगळे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली, महिना १,००० रुपये. तेवढ्यात हौस कुठली? विरंगुळा हाही हक्कच आहे, आणि हक्क मागितल्यावाचून मिळत नाही.