बेडूक एक, झुरळं तीनशे

मागच्या भागात टेरेरियमची माती आणि ओलावा यावर बोललो होतो. त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "दादा, बेडकाला खायला नक्की काय घालायचं?" तर आजचा अख्खा भाग त्यावर. जेवताना ऐकत असाल तर आधी ताट संपवा, मग प्ले करा. मी थांबतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी अमेरिकेत रॅलीला राहतो, दिवसभर बॅकएंड कोड लिहितो. घरी दोन बेडूक आहेत. लाडू हा पॅकमॅन बेडूक, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला शिंगाळा बेडूक, आणि बर्फी ही ऑस्ट्रेलियातल्या झाडबेडकाच्या जातीची. दोघंही माणसांनीच पैदास केलेले, दुकानातून आणलेले. भारतातून ऐकणाऱ्यांना आधीच सांगतो, पावसाळ्यात बाथरूममध्ये आलेला बेडूक उचलून डब्यात ठेवू नका. आपल्याकडचे रानातले प्राणी पाळणं वन्यजीव कायद्यात अडकू शकतं, आणि त्या बिचाऱ्याला बाहेर त्याचं काम आहे. त्याला दार उघडून द्या.

आता मुद्दा. बेडूक आणि टोड हलणारी गोष्ट खातात. वाटीत ठेवलेल्या खाद्याकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे जिवंत किडे आले. आणि गंमत अशी की किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी बेडकाच्या पोटात जातं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल आणि थोडं प्रोटीन. त्यामुळे माझ्या मते बेडूक पाळणं हे ऐंशी टक्के किडे पाळणंच आहे. बेडूक नुसता बसून असतो.

हे हलक्यात घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाकडे टोड होता. दीड वर्ष त्याला एकच खाद्य, मीलवर्म. म्हणजे पिठातल्या काळ्या भुंगेऱ्याच्या अळ्या. डबा आणायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, रोज चार टाकायच्या. टोड गुबगुबीत दिसायचा. मग एक दिवस त्याचा नेम चुकायला लागला. अळी दिसायची, तो वळायचा, जीभ बाहेर काढायचा, पण अळी जिभेला चिकटायचीच नाही. मी स्वतः बघितलंय. पाच-सहा वेळा प्रयत्न करून तो गप्प बसायचा. भूक होती, समोर अन्न होतं आणि खाता येत नव्हतं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. जीवनसत्त्व अ कमी पडलं, त्यामुळे जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बिघडल्या. याला इंग्रजीत शॉर्ट टंग सिंड्रोम म्हणतात. दुसरं म्हणजे कॅल्शियम नव्हतं, म्हणून जबड्याचं हाड मऊ पडलेलं. उपचारांनी जीभ बऱ्यापैकी सुधारली. जबडा वाकडा राहिला तो राहिलाच.

असं का होतं? बेडकाला कॅल्शियम आणि फॉस्फरस निदान सारख्या प्रमाणात लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच. साध्या रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस असतो. मीलवर्ममध्ये तर पंधरापटीच्याही वर. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून भागवतं. याला अपवाद ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर. घरी ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांनी त्या बिनमध्ये वळवळताना बघितल्या असतील. हो, त्याच. पण कचऱ्यातल्या घालू नका, खाद्य म्हणून वाढवलेल्या वेगळ्या मिळतात.

मग निवडायचं काय? मेणकिड्याच्या गुबगुबीत अळ्या म्हणजे गुलाबजाम. जवळजवळ पाव भाग चरबीच. आजारी बेडकाला तोंड लागावं म्हणून कधीतरी ठीक. सुपरवर्मही तसेच जड. भारतात अरोवाना मासे पाळणाऱ्यांकडे ते दिसतात. अगदी छोट्या बेडकांना आणि डार्ट फ्रॉगना फळमाशी, तीच ड्रोसोफिला, जी बायोलॉजीच्या पुस्तकात होती. न उडणारी जात मिळते. नाहीतर स्वयंपाकघरात तुमचं काय होईल ते सांगायला नको. रोजचं मुख्य जेवण मात्र दोघांपैकी एक: रातकिडे किंवा ड्युबिया झुरळं. मापाचा नियम सोपा आहे. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. लाडूच्या जातीला हा नियम थोडा सैल चालतो, कारण तो प्राणी म्हणजे पाय फुटलेलं तोंड आहे.

रातकिडे बेडकाला आवडतात कारण ते सतत उड्या मारतात. पण घरात पैदास करायची तर वैताग. नर रात्रभर किर्र करतात, डब्याला वास येतो, तहान लागली की एकमेकांना खातात, आणि पाण्याची वाटी ठेवली तर त्यात बुडून मरतात. म्हणून ओला कापूस किंवा गाजराचे तुकडे. तरी करायची असेल तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, तीस अंशांच्या आसपास ऊब आणि ओल्या मातीचा छोटा डबा. मादीला मागे सुईसारखी नळी असते, ती मातीत खुपसून ती अंडी घालते. तो डबा वेगळा काढून उबेत, ओलसर ठेवा. दहा ते चौदा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं. मोठी व्हायला दीड-दोन महिने. आणि एक रोगाची भीती. 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्ममध्ये डेन्सोव्हायरस पसरला आणि फार्मच्या फार्म रिकामे झाले. बऱ्याच जणांनी जात बदलली. म्हणजे एकाच सर्व्हरवर सगळं ठेवू नये, हे इथेही लागू.

मी ड्युबियावर आलो. आणि इथे माझी आई आली. शब्दशः आली, सहा महिन्यांसाठी. कपाटात डबा बघून म्हणाली, "अरे, पुण्यात झुरळं मारायला माणूस बोलवतो आपण. तू पैसे देऊन आणतोस?" तिला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. ही आपल्या मोरीतली झुरळं नाहीत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, उडता जवळजवळ येत नाही, आवाज नाही, वास फार कमी. अंडी बाहेर टाकत नाहीत. मादी पोटातच अंडी उबवून थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस. पण ऊब नसेल तर पैदास थंडावते. अठ्ठावीस ते बत्तीस अंश लागतात. माझ्याकडे डब्याच्या एका बाजूला हीट मॅट आहे, थर्मोस्टॅटला जोडलेली. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. पिल्लू मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात, म्हणून पहिले काही महिने मोठ्यांना हात लावायचा नाही, विकतच्यावर भागवायचं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो.

दोन तोटेही ऐका. ड्युबिया घाबरली की गप्प पडते किंवा मातीत घुसते, मग बेडकाला दिसतच नाही. मी चिमट्यात धरून लाडूच्या नाकासमोर हलवतो. दुसरं, झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर ॲलर्जी होऊ शकते. घरात कुणाला दमा असेल तर हा नाद नकोच. डबा साफ करताना मास्क लावा, खिडकी उघडा.

खायला काय घालायचं त्यांना? माझ्या डब्यात कोरडं धान्याचं पीठ, गाजर, रताळं, आणि आईच्या कृपेने कोबीची बाहेरची पानं. आता ती भाजी निवडताना विचारते, "हे तुझ्या त्यांना चालेल का?" नाव घेत नाही. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बेडकाला द्यायच्या आधीचे दोन दिवस मोजके किडे वेगळ्या डब्यात, कॅल्शियम घातलेल्या खाद्यावर. आणि द्यायच्या क्षणी कॅल्शियम पावडरमध्ये घोळवायचं, चकलीला तीळ लागतात तितपत. लगेच खाऊ द्या. रातकिडा अंग पुसून पावडर काढून टाकतो. गाजरातल्या कॅरोटीनवर मी विसंबत नाही, काही बेडकांना त्याचं जीवनसत्त्व अ करायला नीट जमत नाही. म्हणून तयार रेटिनॉल असलेली मल्टिव्हिटामिन पावडर ठरावीक दिवशी. जास्तही नको, अ आणि ड दोन्हींचा अतिरेक बाधतो. किती दिवसांनी, ते जातीवर आणि वयावर आहे, ते डॉक्टरांनाच विचारा.

शेवटचं. बाहेरचे किडे पकडून घालू नका. शेजारच्या लॉनवर काय फवारलंय आपल्याला माहीत नसतं. आणि जूनमध्ये इथे अंगणभर काजवे येतात, तेव्हा हात शिवशिवतात. इथल्या बऱ्याच काजव्यांत जे विष असतं, ते टोडच्या स्वतःच्या विषाचं चुलत भावंड आहे. एकदोन काजव्यांनी पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. काजवे बघायला भंडारदऱ्याला जा, वाटीत नकोत.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. किड्यांचे फोटो पाठवताना आधी सांगा, कारण फोन कधीकधी आईच्या हातात असतो. पुढच्या भागात पाणी आणि क्लोरीन. भेटू.