पाटीवर नाव, हातात काय?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टर बायकांच्या कामावर आणि मोबदल्यावर मी बोलणार आहे हे कळल्यावर मघाशी चहाच्या वेळी एकजणी मला म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं रोजगार हमीवरच्या बायांचे पैसे थकलेत. ह्या डॉक्टरणींचं कसलं दुखणं घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देणार नाही. पण आधी एक हकिगत सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक दंतवैद्य मुलगी आली. बी.डी.एस. झालेली, कडेवर मूल. लग्नही दंतवैद्याशीच. घर वरच्या मजल्यावर, दवाखाना खाली. पाटीवर दोघांची नावं, दोन्ही नावांआधी 'डॉ.'. सकाळचा स्वयंपाक उरकून ती दहाला खाली उतरायची. दात काढणं, रूट कॅनाल, लहान मुलांचे दात, सगळं बघायची. पैसे काउंटरवर सासरे घ्यायचे. पाच वर्षांत तिच्या खात्यावर एक रुपया जमा झाला नाही. कधी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं, "घरचाच दवाखाना आहे, घरच्या घरी पगार कसला?" पुढं मारहाण वाढली आणि एका रात्री तिला घराबाहेर काढलं. तिचं दंत परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं होतं, ते तिथंच राहिलं.

आम्ही पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याच्या वकिलांनी कोर्टात काय हजर केलं असेल? त्या पाटीचा फोटो. "अर्जदार स्वतः डॉक्टर आहेत. त्यांना पोटगी कशाला?" पाच वर्षं ज्या पाटीनं तिला काही दिलं नाही, ती पाटी तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली.

अशा वेळी कायदा काय सांगतो ते आपल्याला तोंडपाठ हवं. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं शैलजा विरुद्ध खोब्बण्णा या खटल्यात म्हटलं आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. आम्ही तिचं पासबुक जोडलं. पेशंटच्या नोंदीच्या वहीतली तिच्या अक्षरातली पानं तिच्या मोबाइलवर होती, तीही जोडली. तिला आणि मुलाला अंतरिम पोटगी मिळाली, मागितली त्यापेक्षा कमी. प्रमाणपत्र परत मिळवायला तीन पत्रं लिहावी लागली.

या प्रकरणानंतर मी 'डॉक्टर' या शब्दाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ही पदवी काही आकाशातून पडलेली नाही. ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे माणसांनीच ठरवलेलं आहे. इंग्लंडमध्ये शल्यविशारद आजही 'मिस्टर' किंवा 'मिस' म्हणवून घेतात, कारण १७४५ पर्यंत शस्त्रवैद्य आणि न्हावी यांची संघटना एकच होती. तिथल्या दंतवैद्यांना नावाआधी 'डॉ.' लावायची मुभा मिळाली ती १९९५ मध्ये. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं काढलं आणि लगेच मागंही घेतलं. नावाआधीच्या दोन अक्षरांवरून एवढी ओढाताण होते, कारण त्यामागं पेशंट असतात, पैसा असतो, मान असतो.

आणि बाईच्या बाबतीत तर शब्द जपूनच दिला जातो. रखमाबाईंना आठवा. नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम त्यांना १८८७ मध्ये झाला होता. त्या नमल्या नाहीत. विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत बायकांचा दवाखाना सांभाळला. पण त्या काळी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. १९१४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी विमेन्स मेडिकल सर्व्हिस काढली, तिथं दर्जाही कमी आणि पगारही कमी. पुरुष तो 'डॉक्टर' आणि बाई ती 'लेडी डॉक्टर'. आजही गावात तो 'डॉक्टरसाहेब' आणि ती 'बाई'. 'डॉक्टरीणबाई' म्हटलं तर ती स्वतः डॉक्टर आहे की डॉक्टरची बायको, ते कळतसुद्धा नाही!

आता दवाखान्यात चला. दंतवैद्य मुली अनेकदा दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्केवारीवर काम करतात. पेशंटनं दिलेल्या पैशातून लॅबचा, कॅपचा, सामानाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्यातला हिस्सा तिला मिळतो. हिशोब मालकाच्या वहीत. पेशंट आला नाही तर तो दिवस फुकट. आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेल्या मुली खासगी रुग्णालयात रात्रपाळी करतात. पेशंटच्या दृष्टीनं त्या डॉक्टर, मालकाच्या दृष्टीनं स्वस्तात मिळालेल्या. अशीच टक्केवारीवर काम करणारी एकजण गरोदरपणात रजा मागायला गेली, तर तिला सांगितलं, "तुम्ही नोकर थोड्याच आहात, तुम्ही तर आमच्या कन्सल्टंट!" केवढा मान! आणि त्या मानाच्या आड रजा गडप.

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. पण ती लागू होण्यासाठी आधी तुम्ही कर्मचारी ठरायला हवं, आणि दवाखाना-दुकानासारख्या ठिकाणी किमान दहा माणसं कामाला हवीत. चार माणसांच्या क्लिनिकमधली बाई तिथंच बाहेर पडते. दिल्लीच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉ. कविता यादव यांचं उदाहरण बघा. करार संपायला ११ दिवस उरले होते, म्हणून त्यांना ११ दिवसांचाच लाभ देऊ केला. त्या लढत राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की करार संपला तरी मातृत्वाचा लाभ पूर्ण द्यावाच लागेल. एका डॉक्टर बाईनं मिळवलेला हा निकाल उद्या करारावरच्या नर्सला आणि लॅब टेक्निशियनलाही उपयोगी पडेल.

आता खालच्या पायरीवर या. खासगी दवाखान्यात पांढरा एप्रन घालून दहावी पास मुलीला उभं करतात आणि पेशंट तिला 'सिस्टर' म्हणतात. शिक्षण दिलेलं नाही, नोंदणी नाही, किमान वेतन नाही. शब्द तेवढा मोठा दिला. आशाताईंचं तर विचारूच नका. त्या 'स्वयंसेविका', म्हणून पगार नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, पण गौरवानं किराणा भरत नाही. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की त्यांना मिळणारं मानधन हे वेतनच आहे. माझ्या पहिल्या नेमणूकपत्रावरही 'मानधन' हाच शब्द होता. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी, त्या शब्दानं सुखावले होते! अकरा महिन्यांनी करार संपला तेव्हा त्याचा अर्थ कळला.

त्या दंतवैद्य मुलीनं एक दिवस मला आपणहून सांगितलं, "ताई, आमच्या क्लिनिकमधल्या मावशींचे पैसे माझ्याच हातून दिले जायचे. महिन्याचे अडीच हजार. कमी आहेत हे मला कधी जाणवलंच नाही." मला वाटतं, त्या दिवशी ती खऱ्या अर्थानं आपल्यातली झाली.

म्हणून काही गोष्टी आपण धरून ठेवू या. बाई घरच्या दवाखान्यात काम करत असली, तरी तिचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाला पाहिजे. पदवी आणि नोंदणीची कागदपत्रं तिच्या ताब्यात असली पाहिजेत, भिंतीवर नक्कल लावावी. टक्केवारीचा करार लेखी हवा आणि वहीची नक्कल दरमहा मिळायला हवी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, शिकाऊ, बिनपगारी, स्वयंसेवी अशा सगळ्याच जणी येतात. दहापेक्षा कमी माणसांच्या दवाखान्यातली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाऊ शकते, हे तिला सांगू या. आणि केंद्रात कुणी 'डॉक्टर' म्हणून आली, तर हिला काय कमी, असं मनात आणण्याआधी विचारू या, पैसे कुणाच्या हातात जातात?

आता त्या मघाच्या ताईंना उत्तर. ताई, तुमच्या बायांचे पैसे थकले, हा अन्यायच आहे आणि त्यासाठी आपण तहसीलवर जाऊच. पण तुमच्या बायांचं नाव मस्टरवर आहे. काम केलं याचा कागद आहे, म्हणून भांडता येतं. या मुलीचं नाव फक्त पाटीवर होतं. मस्टर दोघींनाही हवं.