मखमलीची ठिगळं

गोधडीचं सामान कुणी बाजारातून आणत नाही. नेसून विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, पोरींचे आखूड झालेले परकर, घरात जे निघेल त्यावर भागतं. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांतही हीच रीत होती. अशाच एका घरात, आर्कान्सा राज्यातल्या गूल्ड गावी, १९३६ साली एफी मे जन्मली. बटईची शेती, कापसाची वेचणी, भावंडांचं मोठं खटलं आणि त्यात ही थोरली. आई गोधड्या शिवायची, लेक मदतीला बसायची. हात तिथेच बसला.

त्या काळात दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक काम शोधत, वर्णभेदाचा जाच मागे टाकत उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघाले होते. एफी मेही निघाली. मिल्वॉकी झालं, शिकागो झालं, आणि १९५८च्या सुमारास ती कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या वाटेला लागली. तिथे संसार थाटला, शुश्रूषागृहांत वर्षानुवर्षं रुग्णांची सेवा केली.

रिचमंडची हवा सौम्य. उबेसाठी ढीगभर गोधड्या हव्यात अशी निकड तिथे नव्हती. तरी १९७०च्या दशकात तिने सुई पुन्हा जोमाने हाती घेतली. कापड मात्र आता निराळं होतं: मखमल, पॉलिएस्टर, नकली फर, चकाकणारं जरीचं कापड, कधी छापील टी-शर्टसुद्धा.

मखमल शिवणं जिकिरीचं. लव असल्यामुळे दोन तुकडे सुईखाली एकमेकांवरून सरकतात. लवेची दिशा बदलली की तोच जांभळा एकीकडून गडद, दुसरीकडून फिका दिसतो. एफी मे पट्टी लावून मापं घेत बसत नसे. नजरेच्या अंदाजाने कापायची आणि जोडायची. त्यामुळे तिचे चौकोन कलतात, ओळी वाकतात, कडा नागमोडी जातात आणि रंग जागचे हलल्यासारखे वाटतात. ती जुळवायची तो वरचा थर. अस्तर लावून धावदोरा घालायचं काम पुष्कळदा दुसऱ्या बायका करत. आयरीन बँकहेड ही त्यांतली एक.

१९८५मध्ये एका जुन्या बाजारात तिची गाठ ओकलंडच्या इलाय लिऑन या संग्राहकाशी पडली. तो तिच्या गोधड्या घेतच राहिला. प्रदर्शनांची वेळ आली तेव्हा तिने खरं नाव देऊ दिलं नाही. रोझी ली टॉम्पकिन्स हे टोपणनावच जगभर माहीत झालं. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिचं काम लागलं, पण बाई प्रसिद्धीपासून चार हात लांबच राहिली.

देवावर तिची गाढ श्रद्धा. रचना देवच सुचवतो, असं ती मानायची. ‘थ्री सिक्सेस’ नावाच्या गोधडीत तिने पिवळा, नारिंगी आणि जांभळा हे रंग योजले, ते जन्मतारखेत सहाचा आकडा असलेल्या तीन नातलगांसाठी.

२००६मध्ये ती रिचमंडलाच वारली. २०१८मध्ये लिऑन गेला, आणि कृष्णवर्णीय कारागिरांच्या सुमारे ३,००० गोधड्यांचा त्याचा संग्रह मृत्युपत्राने बर्कलीच्या विद्यापीठ संग्रहालयाकडे आला. त्यात ५००हून अधिक कामं एकट्या टॉम्पकिन्सची. २०२०च्या फेब्रुवारीत त्यांतल्या सुमारे ७० कामांचं प्रदर्शन उघडलं आणि महिन्याभरात कोविडमुळे दारं बंद झाली. पुढे मुदत वाढवून २०२१मध्ये ते लोकांना पुन्हा पाहता आलं.

त्या भागात आता मराठी घरं पुष्कळ आहेत. लेकीकडे, मुलाकडे जाणाऱ्यांनी बर्कलीची एक चक्कर ठरवायला हरकत नाही. फक्त निघण्याआधी तिच्या गोधड्या सध्या मांडल्या आहेत का, याची चौकशी करावी.