राखणदार जागा आहे काय?

वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. साकोली, लाखनी, लाखांदूर या बाजूस गावोगाव जे जुने तलाव आढळतात, त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी बांधविले. मालगुजारीच्या काळी त्यांच्या पाळीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणा एकावर असे. कोठे खेकड्यांनी बीळ पाडले आहे, कोठे माती खचली आहे, सांडवा मोकळा आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावयाचे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि अनेक ठिकाणी डागडुजीचे काम सर्वांचे म्हणजे कोणाचेच नव्हे असे होऊन बसले. कित्येक तलाव गाळाने भरले. तलाव कोणी पळवून नेले नव्हते. पाळही जागच्या जागीच होती. गेली होती ती वर्षानुवर्षांची निगा.

घरातील संगणकाच्या राखणीची कथा याहून वेगळी नाही. भंडाऱ्यासारख्या गावीही आज सुशिक्षितांच्या घरी संगणक असतो. वडिलांचे निवृत्तिवेतन, धानाच्या विक्रीचे पैसे, मुलीच्या महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज, मुलाच्या परगावच्या खोलीचे भाडे, या साऱ्यांचे व्यवहार त्या एका यंत्रातून होतात. जी लोखंडी पेटी पूर्वी माजघरात असे आणि जिची किल्ली घरच्या कर्त्या बाईच्या कमरेस असे, तिचे स्थान आता या यंत्राने घेतले आहे. मात्र या पेटीची किल्ली चोरावयास चोराला घरात पाऊल टाकावे लागत नाही.

हे काम ज्या प्रणाली करतात, त्यांना स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणाऱ्या प्रणाली असे म्हणतात. विषाणूची प्रणाली यंत्र बिघडविते, तेव्हा घरच्यांस निदान काही तरी झाल्याचे कळते. हेराचा धंदा निराळा. आपण आहो हे कळू न देणे, हेच त्याचे कौशल्य. कळफलकावर कोणते अक्षर दाबले गेले याची तो नोंद ठेवितो, पडद्याची चित्रे घेतो, बँकेचा सांकेतिक शब्द टिपतो आणि ते सारे दूरच्या धन्याकडे पाठवितो. तो येतो तोही बहुधा घरच्यांच्याच हाताने: फुकट मिळालेल्या खेळातून, चोरून उतरवून घेतलेल्या महागड्या प्रणालीतून, अनोळखी पत्रासोबतच्या कागदातून, किंवा दुकानातून छपाई करून आणलेल्या पेन ड्राइव्हमधून.

यावर उपाय म्हणून हेर शोधून काढणाऱ्या प्रणाली आहेत, आणि पुष्कळ घरी त्या असतातही. पडद्याच्या कोपऱ्यात ढालीचे चिन्ह दिसते आणि गृहस्थ निश्चिंत होतो. परंतु ही ढाल काम कसे करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नाक्यावरच्या शिपायाच्या हाती फरारी इसमांच्या वर्णनांची यादी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा तो त्या यादीशी ताडून पाहतो. हेरशोधक प्रणालीचा मोठा आधार अशीच एक यादी असते. ज्ञात हेरांच्या खुणा तीत नोंदलेल्या असतात आणि यंत्रातील प्रत्येक धारिका त्या खुणांशी ताडली जाते. अलीकडच्या प्रणाली केवळ चेहऱ्यावर विसंबत नाहीत, संशयास्पद वर्तनावरही नजर ठेवितात. तथापि कोणते वर्तन संशयास्पद मानावे, हेही त्यांस वेळोवेळी नव्याने शिकवावे लागते. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही परीक्षणसंस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या अपायकारक व नकोशा प्रणालींची नोंद करते. मग सहा महिन्यांपूर्वीची यादी हाती घेऊन उभा राहिलेला शिपाई कितीही दक्ष असो, नवा चोर त्याला नमस्कार करून आत जाणार.

महाराष्ट्रात हा धडा फार पूर्वीच शिकला गेला. पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत असत. दुरुस्तीस येणाऱ्या कित्येक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून विषाणूचा आहे, असे १९९० नंतरच्या वर्षांत आढळून येऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर उतारा म्हणून प्रणाली लिहिली, आणि त्या उद्योगातूनच पुढे ‘क्विक हील’ हे नाव देशभर झाले. त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हते. विषाणू फ्लॉपी तबकड्यांवरून हिंडत. तरीही एकदा उतारा दिला आणि काम संपले, असे कधीच झाले नाही. प्रत्येक नव्या विषाणूस नवा उतारा लागला. ढाल विकत घेण्याची वस्तू असेल. राखण मात्र चालू ठेवण्याची गोष्ट आहे.

यादीबरोबर आणखी एका गोष्टीची डागडुजी लागते, ती म्हणजे खुद्द घराच्या भिंतींची. विंडोजसारखी मूळ प्रणाली आणि इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर यांत वेळोवेळी भगदाडे सापडतात, आणि निर्माते ती बुजविण्याचे साहित्य विनामूल्य पाठवितात. ते न लावल्यास काय होते, हे २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने एका भगदाडावरील ठिगळ प्रसिद्ध केले. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर प्रणाली त्याच भगदाडातून शिरली, आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने कुलूपबंद केले. इंग्लंडमधील रुग्णालयांना रोग्यांस परत पाठवावे लागले. ही प्रणाली हेर नव्हती, उघड दरोडेखोर होती. पण जी वाट दरोडेखोरास मोकळी, ती हेरासही मोकळीच असते. ज्यांनी ते ठिगळ लावले होते, त्यांच्या यंत्रांत या वाटेने तिला शिरता आले नाही.

तथापि अद्ययावत राखणे हा रामबाण उपाय आहे, असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रणालीने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. ती मुळात पसरली, ती युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रणालीच्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची पाळी आली. औषधही कधी बाधते. परंतु म्हणून कोणी औषध सोडीत नाही. घरातील महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची एक प्रत यंत्राबाहेर निराळी ठेवावी, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

आता प्रत्यक्ष घरी काय करावे, ते थोडक्यात पाहू जाता पाच गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट, संगणकात राखणदार कोण आहे ते पाहावे. विंडोजबरोबर ‘डिफेंडर’ ही प्रणाली येतेच. दुसरी बसविली असेल तर तीच एक जागती ठेवावी. दोन राखणदार एकाच दारात उभे केले तर ते एकमेकांवरच संशय घेतात.

दुसरी गोष्ट, यादी शेवटची केव्हा बदलली त्याची तारीख पाहावी. ती आपोआप बदलण्याची सोय असते, पण ती चालू आहे याची खात्री डोळ्यांनी करावी. नव्या संगणकाबरोबर काही महिन्यांपुरती मिळालेली संरक्षक प्रणाली मुदत संपल्यावर नव्या याद्या घेत नाही. चिन्ह मात्र कोपऱ्यात राहू शकते. ते झोपलेल्या जागल्याचे पागोटे होय.

तिसरी गोष्ट, मूळ प्रणालीचे वय पाहावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रात हेरांची यादी नवी असली, तरी भिंतीची डागडुजी थांबलेली असू शकते.

चौथी गोष्ट, ‘तुमच्या संगणकात विषाणू आढळले, त्वरित येथे दाबा’ अशी घाबरविणारी पाटी अचानक झळकली, तर तिच्यावर बोट ठेवू नये, तीत दिलेल्या क्रमांकास दूरध्वनीही करू नये. राखणदाराचा वेष घेऊन येणारा चोर तो हाच. शोधक प्रणाली निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून तेथे अशी साधने विनामूल्य मिळतात.

पाचवी गोष्ट, पैसे गेल्याचे दिसताच संकोच न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात पैसा हातोहात पुढे जातो. वडीलधाऱ्यांनी मुलांस, आणि मुलांनी वडीलधाऱ्यांस, या प्रसंगी रागावू नये. रागाच्या भीतीनेच पुष्कळ नुकसान दडवून ठेवले जाते.

या पाचांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती संगणकात नसून घरात आहे. हे काम कोणाचे, ते ठरले पाहिजे. वडील समजतात, मुलगा पाहत असेल. मुलगा पुण्यास किंवा नागपुरास शिकावयास गेलेला असतो आणि समजतो, बाबा पाहत असतील. मधल्या मध्ये यादी जुनी होत जाते. घरातील एकाने, मग ती नववीतील मुलगी असो की सत्तरीचे आजोबा, महिन्याच्या पहिल्या तारखेस दहा मिनिटे यासाठी द्यावीत आणि पाहिल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. यास फार विद्वत्ता लागत नाही, नियमितपणा लागतो.

पाळ फुटते ती पुराच्या रात्री. परंतु ती फुटावयाची की नाही, हे वैशाख-ज्येष्ठातच ठरून गेलेले असते. त्या कोरड्या दिवसांत पाळीवरून एक फेरी मारणारा मनुष्य ज्या गावात असे, त्या गावाचे धान पिकत असे. घराचेही तसेच आहे.